अंक आधी, पुस्तक नंतर : मराठी बालसाहित्यातील संपादक-लेखक

मराठी बालसाहित्याचा इतिहास आजवर बहुधा पुस्तकांच्या नावांवरून सांगितला गेला आहे, आणि त्यामुळे त्या पुस्तकांमागे उभे असलेले मासिक, ठरलेल्या तारखेला निघणारा त्याचा अंक आणि तो अंक काढणारा संपादक हे तिघेही मागे पडले आहेत. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे जवळजवळ शंभर वर्षे मराठीत मुलांसाठी ज्यांनी सातत्याने लिहिले, त्यांच्यातील कितीतरी जणांनी आयुष्याचा मोठा काळ एखादे नियतकालिक, म्हणजे ठरावीक मुदतीने निघणारे प्रकाशन, चालवण्यात घालवला. कोणी ते स्वतः काढले, कोणी दुसऱ्याने काढलेले सांभाळले, तर कोणी चारदोन वर्षांत ते बंद पडताना पाहिले. अशा व्यक्तींना येथे संपादक-लेखक म्हटले आहे. त्यांच्या लेखनाचे मोजमाप केवळ पुस्तकांवरून करता येते का, आणि संपादनाच्या कामाने त्यांच्या लेखनाला नेमके काय दिले, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. संपादन हा या मंडळींचा जोडधंदा नव्हता, मुलांसाठी लिहायचे मराठी गद्य ज्या ठिकाणी घडले ती कार्यशाळाच तो होता, अशी या लेखाची भूमिका आहे.

या परंपरेच्या आरंभी विनायक कोंडदेव ओक (1840–1914) यांचे नाव येते. शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या ओकांनी 1881 मध्ये ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले आणि अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे तेहेतीस वर्षे, ते चालवले. तेहेतीस वर्षे दरमहा एक अंक याचा हिशेब चारशे अंकांच्या आसपास जातो, आणि त्यांतील बहुतेक मजकूर एकट्या ओकांच्या हातचा होता, हे ध्यानात घेतले की या कामाचा आवाका कळतो. एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय आणि काही किरकोळ मजकूर अशी अंकाची ठेवण असे. या ठेवणीत विविधतेला जागा होती, पण ती ठरवून दिलेली जागा होती; चरित्राच्या पानांवर चरित्रच येणार आणि शास्त्राच्या पानांवर शास्त्रच, ही शिस्त शाळेच्या वेळापत्रकासारखी होती. ‘बालबोध’ या नावालाही दोन अर्थ आहेत. एक अर्थ बालांना बोध हा उघड आहे. दुसरा असा की मराठीत देवनागरी लिपीलाच बालबोध म्हणत, कारण हाताने लिहिण्यासाठी मोडी लिपी वापरली जाई आणि छापील मजकूर बालबोधीत असे. छापलेले अक्षर आणि मुलाची समज या दोहोंना एकाच नावाने बांधणारे हे मासिक होते. ओकांच्या गद्यात उपदेशाचा भार आहे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही इंग्रजी पुस्तकांतील माहिती घेऊन ती दहा-बारा वर्षांच्या मराठी मुलाला झेपेल अशा वाक्यांत दरमहा उतरवण्याचा त्यांचा उद्योग हा या भाषेतला पहिला दीर्घ प्रयोग ठरतो, आणि त्याचे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही.

वासुदेव गोविंद आपटे (1871–1930) यांनी 1906 मध्ये ‘आनंद’ मासिक काढले, तेव्हा नावापासूनच भूमिका बदलल्याचे दिसले. बोधाच्या जागी आनंद आला. आपटे हे बहुविध व्यासंगाचे गृहस्थ होते. त्यांनी बंगालीतून बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, ‘मराठी शब्दरत्नाकर’ हा कोश रचला, बौद्ध धर्मावर ग्रंथ लिहिला. कोशकाराने मुलांचे मासिक चालवावे, हा योग मोलाचा आहे, कारण कोश रचताना शब्दाचा नेमका अर्थ थोडक्यात आणि सोप्या शब्दांत सांगावा लागतो आणि मुलांसाठी लिहिताना हीच कसोटी वाक्यावाक्याला लागते. ‘आनंद’ची आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते संस्थापकाबरोबर संपले नाही. आपट्यांच्या निधनानंतरही अनेक दशके ते निघत राहिले आणि गोपीनाथ तळवलकर यांच्यासारख्या लेखकाने त्याचे संपादन दीर्घकाळ केले. तळवलकरांचा आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरील मुलांच्या कार्यक्रमाशीही निकटचा संबंध होता, त्यामुळे छापील मासिकातला बोलका सूर आणि ध्वनिक्षेपकासमोरची गोष्ट यांची देवाणघेवाण एकाच माणसाच्या कामात घडली.

साने गुरुजींचा (1899–1950) विचार संपादक म्हणून क्वचितच केला जातो, कारण ‘श्यामची आई’ने बाकी सारे झाकून टाकले आहे. पण अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक आणि वसतिगृहाचे प्रमुख असताना ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत असत. दैनिक आणि तेही हाताने लिहिलेले, म्हणजे छापखाना नाही, वर्गणी नाही, प्रत एकच आणि वाचक म्हणजे त्याच छपराखाली राहणारी मुले. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक, ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक आणि 15 ऑगस्ट 1948 रोजी सुरू झालेले ‘साधना’ अशी त्यांची संपादकीय वाटचाल आहे. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1935 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ची प्रकरणे ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी बेचाळीस रात्रींत विभागलेली आहेत, आणि ही रचना वसतिगृहातल्या त्या रोजच्या लेखनाशी नाते सांगते, असे मानण्यास आधार आहे. रोज थोडे, ठरल्या वेळी, समोर बसलेल्या ओळखीच्या मुलांना सांगायचे आणि उद्यासाठी काही राखून ठेवायचे, ही सवय दैनिक चालवणाऱ्याची आहे. ताराबाई मोडक (1892–1973) यांचे ‘शिक्षणपत्रिका’चे संपादन याहून वेगळ्या जातीचे होते, कारण ते नियतकालिक मुलांऐवजी पालक आणि शिक्षक यांच्यासाठी होते, परंतु मुलाला भीती घालू नये, त्याला खोटे सांगू नये, हा जो आग्रह पुढच्या बालसाहित्यात मुरला, त्याची पूर्वतयारी या पत्रिकेत झाली आणि म्हणून तिचा उल्लेख येथे टाळता येत नाही.

संपादकाचे काम लेखनाच्या आत किती खोल उतरते, हे पाहण्यासाठी एक तांत्रिक बाब जवळून पाहणे उपयोगाचे होईल. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी मराठीत ‘जोडाक्षरविरहित’ मजकूर देण्याची प्रथा आहे. जोडाक्षर म्हणजे दोन किंवा अधिक व्यंजने एकत्र येऊन झालेले अक्षर. ते ओळखायला मुलाला वेळ लागतो, म्हणून पहिल्या गोष्टी त्यावाचून लिहायच्या. ऐकायला ही अट किरकोळ वाटते, पण ती पाळायला बसले की मराठीचा कणाच हाताला लागतो. ‘गोष्ट’ हा शब्दच बाद होतो, ‘पुस्तक’ बाद होते. ‘आई म्हणाली’ असे लिहिता येत नाही, तेथे ‘आई बोलली’ असे करावे लागते. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ जातात, ‘आपण’ आणि ‘तू’ उरतात. मुलीविषयी ‘तिने’, ‘तिला’ असे म्हणता येते, पण मुलाविषयी ‘त्याने’, ‘त्याला’ असे म्हणता येत नाही, म्हणून मुलाचे नावच पुन्हापुन्हा घ्यावे लागते. ‘च्या’ हा प्रत्यय मिळत नसल्याने ‘घराच्या मागे’ याचे ‘घरामागे’ होते आणि वाक्य आपोआप आटोपशीर बनते. ‘तेव्हा’च्या जागी ‘मग’ येतो, ‘केव्हा’च्या जागी ‘कधी’ येतो, ‘पक्षी’ जाऊन ‘पाखरू’ येते, ‘मित्र’ जाऊन ‘सवंगडी’ येतो आणि ‘चंद्र’ जाऊन ‘चांदोबा’ येतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, ज्यांना तत्सम म्हणतात, ते या चाळणीतून मोठ्या संख्येने गळतात आणि घरात बोलले जाणारे शब्द वर राहतात. लेखकाने पाठवलेली गोष्ट या अटीत बसवून देणे, आणि तरीही ती गोष्ट लंगडी वाटू न देणे, हे काम संपादकाच्या मेजावर होते. त्यावर कोणाचे नाव छापले जात नाही. हे काम वर्षानुवर्षे केलेला माणूस स्वतः लिहू लागला की त्याच्या वाक्यात तो संयम उतरतोच.

या साऱ्या परंपरेत भास्कर रामचंद्र भागवत (1910–2001) यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे आणि त्यावर अधिक थांबणे योग्य ठरेल. भा. रा. भागवत या नावाने परिचित असलेल्या या लेखकाने 1950 च्या दशकात ‘बालमित्र’ हे मासिक चालवले. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहिणाऱ्या होत्या आणि त्या घरात बालसाहित्य हा दोघांचा सामायिक उद्योग होता. ‘बालमित्र’ फार वर्षे टिकले नाही. खासगी बालमासिकाचे अर्थकारण त्या काळी, आणि पुढेही, अवघडच राहिले आहे : वर्गणी पालकांच्या खिशातून यायची, ती मुलांना परवडेल इतकी कमी ठेवायची, जाहिराती थोड्या, कागद व छपाई यांचा खर्च मात्र प्रौढांच्या मासिकाइतकाच, किंबहुना चित्रांमुळे त्याहून जास्त. वर्गणीदार मूल चारपाच वर्षांत मोठे होऊन मासिक सोडते, म्हणजे वाचकवर्ग सतत नव्याने मिळवावा लागतो. प्रौढांच्या मासिकाला ही अडचण येत नाही. मासिक बंद पडणे हे त्यामुळे संपादकाच्या कर्तबगारीचे माप धरता येत नाही. भागवतांच्या बाबतीत तर संपादकपद सुटल्यानंतरची कारकीर्द हीच त्या संपादनाची फलश्रुती आहे.

त्यांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या अनेक विज्ञानकादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांना भाषांतरापेक्षा रूपांतर म्हणणे अधिक बरोबर, कारण रूपांतरात मूळ कथेचा सांगाडा ठेवून भाषा, लांबी आणि संदर्भ नव्या वाचकाला जुळतील असे बदलले जातात. येथे एक सुंदर योग असा की व्हर्नच्या कित्येक कादंबऱ्या प्रथम पिएर-ज्यूल एत्झेल या प्रकाशकाच्या 1864 मध्ये सुरू झालेल्या मुलांच्या व कुटुंबाच्या नियतकालिकात क्रमशः, म्हणजे भागाभागांनी, छापल्या गेल्या होत्या, आणि एत्झेल स्वतः टोपणनावाने मुलांसाठी लिहिणारा संपादक-लेखक होता. पॅरिसच्या एका संपादकाने जे लेखन भागांच्या मापाने घडवून घेतले, ते मराठीत आणणाऱ्यालाही मासिकाच्या मापाची जाण होती. भागवतांच्या रूपांतरांची नावे पाहिली तरी त्यांची दृष्टी कळते. पृथ्वीवरून चंद्राकडे जाण्याच्या 1865 च्या कादंबरीला त्यांनी ‘चंद्रावर स्वारी’ म्हटले. ‘स्वारी’ या एका शब्दाने बखरींतल्या मोहिमा आणि घोडदौड मुलाच्या मनात जागी होते. पृथ्वीच्या पोटातील प्रवासाला ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ हे नाव देताना आजीकडून ऐकलेल्या पुराणातले पाताळ कामाला आले. धूमकेतूवर बसून सूर्यमालेत फिरून येणाऱ्या माणसांच्या 1877 च्या कादंबरीला ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ हे नाव आहे. पाठ्यपुस्तकातला शब्द ‘धूमकेतू’, लोकांच्या तोंडचा जुना शब्द ‘शेंडेनक्षत्र’, म्हणजे शेंडी असलेले नक्षत्र. आणि ‘मुक्काम’ हा शब्द पत्रावरच्या पत्त्यातला. आकाशात भरकटलेल्या माणसांचा पत्ता जणू पाकिटावर लिहिलेला आहे. परकी कल्पना मुलाच्या घरात आणून बसवण्याचे इतके नेटके काम दोन शब्दांत झालेले क्वचितच आढळते.

‘फास्टर फेणे’ ही भागवतांची स्वतंत्र निर्मिती. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, अंगाने किडकिडीत आहे, सायकल हे त्याचे वाहन आहे आणि काही सुचले की तो जिभेने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो. फास्टर, फेणे, फुरसुंगी या तीन ‘फ’कारांचा अनुप्रास मुलाच्या कानाला पकडतो आणि पहिल्या पानावरच ओळख पक्की होते. या मालिकेत सुमारे वीस पुस्तके आहेत; ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’ अशा नावांतूनच स्थळ आणि संकट आधी सांगून टाकण्याची रीत दिसते. आखूड प्रकरणे, प्रकरणाच्या शेवटी उभी राहणारी अडचण, संवादांचे मोठे प्रमाण आणि ओळखीच्या खुणांची पुनरावृत्ती ही या लेखनाची वैशिष्ट्ये महिनाभर खंड पडणाऱ्या वाचनासाठी घडलेल्या तंत्रातली आहेत : मागचा भाग विसरलेल्या मुलाला ‘ट्टॉक्’ एवढ्यावरून नायक पुन्हा ओळखता आला पाहिजे. बनेश शूर आहे, पण तो श्रीमंत, बलदंड किंवा अलौकिक नाही. हुशारी, धडपड आणि मित्रांची साथ एवढेच त्याचे भांडवल. त्या काळच्या मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलाला हा नायक आपल्यातला वाटला, यात नवल नाही. मालिकेतील काही कथांमध्ये योगायोगांवर फार भिस्त आहे आणि मुलींच्या वाट्याला धाडस कमी येते, या उणिवा मान्य करूनही एवढे म्हटले पाहिजे की उपदेशाचे ओझे पूर्णपणे खाली ठेवून सलग वीस पुस्तके मुलांना स्वतः होऊन वाचायला लावणारा दुसरा लेखक त्या पिढीत शोधावा लागतो. 1987 मध्ये दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन याने फास्टर फेणे साकारला. 27 ऑक्टोबर 2017 रोजी, भागवतांच्या स्मृतिदिनीच, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात अमेय वाघ याने मोठा झालेला बनेश उभा केला आणि दिलीप प्रभावळकर यांनी खुद्द भागवतांची व्यक्तिरेखा केली. लेखकच आपल्या नायकाच्या कथेतले एक पात्र झाला, हा मान बालसाहित्यकाराच्या वाट्याला फार थोड्या वेळा येतो.

खासगी आणि एकखांबी मासिकांच्या या परंपरेशेजारी दोन निराळी प्रतिमाने उभी राहिली. मद्रासहून 1947 मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत सुरू झालेले ‘चांदमामा’ 1952 मध्ये ‘चांदोबा’ या नावाने मराठीत आले. एकच मजकूर आणि एकच चित्रे अनेक भाषांत वापरल्याने त्याला रंगीत छपाई परवडली, परंतु मराठी अंकाच्या संपादनात मराठी लेखक घडवण्याला वाव नव्हता; मुलांनी विक्रम-वेताळ आवडीने वाचला, पण त्यातून मराठी लेखक उभे राहिले असे म्हणता येत नाही. दुसरे प्रतिमान शासनाचे. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, 1971 मध्ये ‘किशोर’ सुरू केले. वसंत शिरवाडकर हे त्याचे पहिले संपादक, आणि पुढे ज्ञानदा नाईक यांनीही ती जबाबदारी सांभाळली. पाठीशी संस्था असल्याने संपादकाला कागदाची व वर्गणीची चिंता उरली नाही आणि प्रौढांसाठी लिहिणाऱ्या नामवंतांना मुलांसाठी लिहिते करणे शक्य झाले. शासकीय मासिक म्हणजे रूक्ष मासिक हा समज ‘किशोर’च्या पहिल्या काही दशकांनी खोटा ठरवला. मात्र एक फरक पडला. ओक, आपटे किंवा भागवत यांच्या मासिकांतून संपादकाचा स्वतःचा आवाज घराघरांत पोचत होता. संस्थेच्या मासिकात संपादक निवड करणारा झाला आणि लेखक म्हणून काहीसा मागे सरला. अंक त्यामुळे अधिक समृद्ध झाले, तरी एका माणसाच्या सलग आवाजाला वाढवणारी ती जुनी व्यवस्था क्षीण झाली. बंगालीत सत्यजित राय यांनी आजोबांनी 1913 मध्ये काढलेले ‘संदेश’ 1961 मध्ये पुन्हा सुरू केले आणि त्या अंकांची गरज भागवण्यासाठी लिहिता लिहिता प्रोफेसर शंकू आणि फेलुदा जन्माला आले. संपादकाची निकड आणि लेखकाची प्रतिभा एका देहात असल्याचा लाभ किती मोठा असतो, हे त्यावरून कळते.

या साऱ्या कामाचा अभ्यास व्हायचा तर साधन हाताशी हवे. पुस्तकांच्या बाबतीत शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने 1800 ते 1937 या काळातील ग्रंथांची नोंद करून ठेवली आहे, म्हणून आपट्यांची पुस्तके शोधता येतात; पण ‘आनंद’च्या एखाद्या अंकात कोणती गोष्ट कोणी लिहिली, कोणत्या लेखाखाली नाव नाही म्हणून तो संपादकाचा मानावा, हे शोधायला लेखवार सूची लागते आणि बालमासिकांच्या बाबतीत ती जवळजवळ नाही. प्रौढांची मासिके वर्षअखेर बांधून ठेवली जात. मुलांचे अंक हातोहात फिरले, त्यांतली चित्रे कापली गेली, कोड्यांची घरे पेन्सिलीने भरली गेली आणि उरलेले रद्दीत गेले. ‘किशोर’चे 1971 पासूनचे अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. ‘बालबोध’, ‘आनंद’ आणि ‘बालमित्र’ यांच्यासाठी मात्र जुन्या ग्रंथालयांतील कपाटे उघडावी लागतात, पाने तुटू नयेत म्हणून हलक्या हाताने उलटावी लागतात, आणि अंकामागून अंक वाचत प्रत्येक निनावी मजकूर कोणाच्या हातचा असावा हे शब्दांच्या लकबींवरून ठरवावे लागते.